कितव्या गाठीला

सकाळी साडेआठ. पहिली केस.
प्रणाली पांडबा सूर्यवंशी, वय तेवीस, बुरुड गल्ली.
वजन अडतीस.
दोनदा घेतलं, काटा बिघडलाय समजून.
काटा बरोबर होता.

पिशवीत दोन वर्षांचे कागद:
पित्त. पित्त. पित्त.
एका चिठ्ठीवर ‘मानसिक ताण’, खाली दोन रेघा.
मिसळ सोड म्हणाले, सोडली.
चहा सोड म्हणाले, सोडला.
ठरत आलेलं लग्न तेवढं आपणहून सुटलं.

घशात फवारा मारला. कडू आहे, गिळा.
दातांत प्लास्टिकची कडी, डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी.
चौदा वर्षं मी हेच करतो शाहूपुरीतल्या या दुसऱ्या मजल्यावर:
एक हात परक्या हनुवटीखाली
आणि डोळे पडद्यावर.
माणसाचा चेहरा मला नंतर आठवत नाही.
आतला आठवतो.

अन्ननलिकेत दोनच ठिपके,
मध्ये पांढरे, कडेनं लाल,
तोंड आल्यावर ओठाच्या आत असतात तसे.
एवढ्यावर कोणी थांबत नाही.

मग जठर. डॉक्टर साळोख्यांनी हवा सोडली,
घड्या पसरल्या,
आणि त्यांचा अंगठा चाकावरच राहिला.

उभ्या, सुजलेल्या घड्या शेजारी शेजारी,
आणि प्रत्येकीवर आडव्या चिरा,
ओळीनं, जणू कोणी पट्टी लावून आखल्यात.
“बांबू,” ते म्हणाले. “बांबूची पेरं बघ.
पुस्तकात बघितली होती.”

पुढं लहान आतड्याच्या तोंडाशी
घड्यांना खाचा,
कंगव्याचे दात मधूनच मोडावेत तशा.
मी चिमटा सोडला.
उघड. घे. मिट.
कणीएवढे आठ तुकडे, तीन बाटल्या.
एक कणी जंतूच्या चाचणीत टाकली.
पिवळं होतं ते पिवळंच राहिलं.

प्रणालीच्या डोळ्यांतून पाणी येत होतं,
ते रडणं नव्हे, नळीनं येतंच ते,
असं मी सगळ्यांना सांगतो.
तिलाही सांगितलं.

बाहेर पांडबा. बोटांना कामट्यांचे जुने काप,
नखांत हिरवट.
डॉक्टरांनी फोटो पुढं केला, सांभाळून म्हणाले,
आत जरा बांबूसारखं दिसतंय.
मला वाटलं, आता हा हसेल. किंवा चिडेल.
त्यानं फोटो उजेडाला धरला, तिरका केला,
माल घेताना करतात तसा.

“कितव्या गाठीला?”

डॉक्टर गप्प.

“न्हाई, म्हंजे, कांडं सरळ फाटतंय ओ.
कोयता अडतो त्यो गाठीला.
तितं जोर लावला की सगळाच बांबू वाया.
...भुंगा लागलाय काय आतनं?”

भुंगा नाही, डॉक्टर म्हणाले. जंतू सापडला नाही.
अंगच अंगाला ओळखेनासं होतं कधी कधी.
आणि नुसत्या बांबूवरून नाव ठेवायचं नाही,
तुकड्यांचा रिपोर्ट येऊ दे,
खालूनही बघायला लागेल, पूर्ण आतडं.

“बघा की,” पांडबा म्हणाला. “पर दमानं.”

नववा दिवस. कागदावर ग्रॅन्युलोमा.
खालच्या आतड्यातही तेच निघालं होतं.
क्रोन्स हा शब्द प्रणालीनं माझ्याकडून
वहीत लिहून घेतला, मराठीत,
आणि विचारलं, हा ‘न्स’ कसा म्हणायचा?
दोन वर्षांनी तिच्या दुखण्याला
पित्त सोडून दुसरं काही म्हणत होते लोक.
तिनं तीनदा म्हणून बघितलं.

परवा पांडबा एक दुरडी ठेवून गेला.
आतल्या खोलीत चालत नाही, नियम आहे,
म्हणून सिस्टरनी तिच्यात रिपोर्टाचे लखोटे ठेवलेत.
दुपारी केसेस संपल्या की नळी धुताना
माझी नजर तिकडं जाते.
प्रत्येक कामटीवर गाठीची खूण आहे.
तिथं ती विणीत जरा उचलून बसवलेली.

वजन एकोणचाळीस सहाशे.
या वेळी एकदाच घेतलं.